व्यासपीठावरच्या शब्दांचा परवाना

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे लागतात. पुढे उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आणि महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. तिथे परिषदा, शिबिरे, चर्चासत्रे भरतात. गावांमध्ये उत्सवातली व्याख्याने होतात, आगरी बोलीतले कार्यक्रम होतात, प्रश्न पेटला की सभा होतात. मेट्रो-९ ची कारशेड आधी याच मुर्धा-राई-मोरवा पट्ट्यात नियोजित होती. ग्रामस्थांनी विरोध केला आणि ती डोंगरीकडे हलवण्याचा निर्णय झाला. अशा वेळी माणसे जमिनीबद्दल, मिठागरांबद्दल, गावठाणाबद्दल जे बोलतात ते पुस्तकांत फारसे येत नाही. ते कुणाच्या तरी कॅमेऱ्यात असते.

अशी चित्रफीत यूट्यूबवर चढते आणि तिथेच राहते. ती पाहता येते, पण तिच्यापासून पुढे काही घडवता येत नाही. वर्गात शिकवताना एखादा भाग दाखवायला कायद्याची सवलत आहे. दिव्यांगांना वापरता येईल असे रूप करून घ्यायलाही आहे. पण एखाद्या शिक्षिकेला त्याच भाषणातून पाठ तयार करून जिल्ह्यातल्या इतर शाळांना द्यायचा असेल, कुणाला हिंदी किंवा कोकणी उपशीर्षके जोडून तो व्हिडिओ पुन्हा प्रसिद्ध करायचा असेल, विकिपीडियावरच्या लेखात वक्त्याच्या आवाजाचा तुकडा लावायचा असेल, तर हक्कधारक शोधून परवानगी मागावी लागते. बहुतेक लोक या टप्प्यावरच नाद सोडतात.

मुक्त परवाना ही अडचण दूर करतो. हक्कधारकाने ठरावीक अटींवर, सर्वांना, आधीच दिलेली ती लेखी परवानगी असते. कॉपीराइट त्याच्याकडेच राहतो. असे परवाने अनेक आहेत आणि त्यांतली निवड साधी नाही. साहित्य संमेलने, बोलीसंमेलने, विज्ञान परिषदा आणि व्याख्यानमाला यांच्या आयोजकांपुढे कोणते पर्याय आहेत, इतरांनी काय निवडले आणि आपल्याला काय सोयीचे, हे इथे क्रमाने पाहू.

एका चित्रफितीत तीन हक्क

परवाना निवडण्याआधी तो देण्याचा अधिकार कुणाला आहे हे कळले पाहिजे. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ प्रमाणे व्याख्यानाच्या एका व्हिडिओत किमान तीन हक्क असतात.

पहिला हक्क भाषणाचा. कलम १७ मधील ‘सीसी’ हा खंड स्पष्ट आहे : जाहीर भाषणाच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते भाषण करणारा असतो, तो दुसऱ्या कुणाच्या वतीने बोलत असेल तर ती व्यक्ती असते. कार्यक्रम कुणी आयोजित केला, सभागृह कुणाचे, वक्ता कुणाच्या नोकरीत आहे, याने फरक पडत नाही. मानधनाचे पाकीट दिले म्हणून भाषण मंडळाचे होत नाही.

दुसरा हक्क सादरकर्त्याचा. कायद्यातल्या ‘सादरकर्ता’ या व्याख्येत नट, गायक, वादक यांच्याबरोबर व्याख्यान देणाराही आहे. आपल्या सादरीकरणाचे ध्वनी किंवा चित्रमुद्रण करू द्यायचे की नाही, त्याच्या प्रती काढू द्यायच्या की नाही, ते लोकांपर्यंत पोहोचवू द्यायचे की नाही, हे त्याने ठरवायचे. हा हक्क ५० वर्षे टिकतो. एकदा लेखी संमती दिली की, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याने त्या चित्रफितीचा उपयोग करण्याला वक्ता हरकत घेऊ शकत नाही. व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीवरचा त्याचा हक्क मात्र कायदा राखून ठेवतो. म्हणून परवाना व्यावसायिक वापराला मोकळीक देणारा असेल, तर हे वक्त्याला आधी समजावून सांगावे आणि संमतीपत्रात लिहावे.

तिसरा हक्क चित्रफितीचा. व्हिडिओ हाही कायद्याच्या भाषेत चित्रपटच, आणि ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन तो तयार केला तो त्याचा निर्माता. मंडळाने पैसे देऊन शूटिंगवाला आणला असेल तर, उलट करार नसल्यास, हक्क मंडळाचा. पण गावातल्या एखाद्या तरुणाने हौसेने, स्वतःच्या कॅमेऱ्यावर, विनामोबदला चित्रीकरण केले असेल तर हक्क त्याचा आहे असे म्हणायला जागा राहते. छोट्या कार्यक्रमांत बहुतेक वेळा हेच घडते, म्हणून त्याच्याशीही चार ओळींचा लेखी करार हवा.

कायद्यात आणखी एक बारकावा आहे. परवाना लेखी असावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीने सहीची अट काढली, त्यामुळे ई-मेलवरचा होकारही चालण्यासारखा आहे. परंतु परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘माझ्या भाषणाचे चित्रीकरण करण्यास हरकत नाही’ एवढेच लिहून घेतले, तर सहाव्या वर्षी त्या संमतीचा आधार डळमळतो आणि परदेशापुरता तर तो पहिल्या दिवसापासूनच नसतो. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन २०२४ साली सॅन होजेला भरले. तिकडच्या मराठी शाळांनी असे भाषण वापरायचे म्हटले तर तो कागद उपयोगाचा नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे तयार परवाने जगभरासाठी आणि हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी असल्याचे स्वतःच सांगतात, त्यामुळे त्यांचे नाव व आवृत्ती लिहिली की ही उणीव भरून निघते.

हे सगळे आधीच का करायचे, याचे उत्तर मुदतीत आहे. खाडीपलीकडच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे या नियमाने त्यांच्या शब्दांवरचा कॉपीराइट २०८४ च्या अखेरपर्यंत राहील. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले; त्यांच्या भाषणांवरचा हक्क २०२९ संपेपर्यंत आहे. माणूस असताना एका ओळीत मिळणारी परवानगी त्याच्यामागे वारसांच्या दोन-तीन पिढ्यांत विखुरते. मग ध्वनिफिती कपाटात झिजतात आणि त्या जपू पाहणारा कायद्याच्या धाकाने हात लावत नाही.

परवाने : एकेक पर्याय

क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. आज वापरावी ती ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०१३ ची. मुख्य परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या जुळणीतून बनतात : श्रेय द्या (बाय), व्युत्पन्न कृतीही त्याच परवान्याखाली द्या (एसए), व्यावसायिक वापर नको (एनसी), बदल करून प्रसिद्ध करू नका (एनडी). श्रेयाची अट सहाही परवान्यांत आहे. शिवाय सर्व हक्क सोडणारे ‘सीसी झिरो’ हे वेगळे साधन आहे.

आयोजकांचा हात पहिल्यांदा ‘बदल नको’ या अटीकडे जातो. भाषण तोडून-मोडून कुणी व्हायरल करील ही भीती त्यामागे असते आणि ती खरी आहे. पण या अटीची किंमत मोठी आहे. भाषांतर हा बदल आहे, डबिंग हा बदल आहे, हिंदी उपशीर्षके जोडणे हाही बदलच. एनडी लावले की मराठीतले भाषण मराठीतच अडकते. उलट, विपर्यासापासूनचे संरक्षण या अटीवाचूनही उरते. कायद्याची कलमे ५७ आणि ३८-ब लेखकाला व सादरकर्त्याला नैतिक हक्क देतात : नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या मोडतोडीला रोखण्याचा. वेळेत बसवण्यासाठी केलेली साधी काटछाट ही मोडतोड मानली जात नाही, असेही कायदा सांगतो. शिवाय कोणताही क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना वापरणाऱ्याने बदल केला असल्यास तसे नमूद करावे लागते, आणि मूळ वक्त्याचा आपल्याला पाठिंबा आहे असे भासवता येत नाही. मुद्दाम खोटेपणा करणारा माणूस परवाना वाचत नाही. एनडीने अडतो तो प्रामाणिक भाषांतरकार.

दुसरी लोकप्रिय अट ‘व्यावसायिक वापर नको’. आपल्या मोफत कार्यक्रमावर दुसऱ्याने पैसे कमावू नयेत ही भावना समजण्यासारखी आहे. अडचण सीमारेषेची आहे. परवान्यात कसोटी वापराच्या मुख्य हेतूची आहे : तो प्रामुख्याने आर्थिक लाभासाठी आहे का. मग जाहिराती असलेल्या शैक्षणिक यूट्यूब चॅनेलचे काय? फी घेणाऱ्या क्लासचे? दैनिकाच्या संकेतस्थळाचे? नाममात्र किमतीला पुस्तिका विकणाऱ्या ग्रंथालयाचे? प्रत्येक ठिकाणी शंका उरते आणि शंका असली की भिडस्त माणूस मागे हटतो. या अटीखालील साहित्य विकिमीडिया कॉमन्स स्वीकारत नाही, एनडीचेही नाही. म्हणजे मराठी विकिपीडियाची दारे बंद होतात. एनसी आणि एनडी असलेले परवाने क्रिएटिव्ह कॉमन्सचे असले तरी ‘मुक्त’ या कसोटीला उतरत नाहीत, हे आयोजकांनी लक्षात ठेवावे.

उरतात दोन. ‘श्रेय’ हा सर्वांत सोपा : नाव द्या, परवान्याचा दुवा द्या, बदल केला असेल तर सांगा, आणि हवे ते करा. ‘श्रेय–समान परवाना’ यात एक अट जास्त : तुम्ही यातून नवे काही बनवून प्रसिद्ध केले तर तेही याच परवान्याखाली. भाषणाची डब केलेली आवृत्ती कुणी स्वतःच्या कुलुपात ठेवू शकत नाही. ती पुन्हा सर्वांकडे येते. विकिपीडियाचा मजकूरही याच कुटुंबातल्या परवान्याखाली आहे, जून २०२३ पासून ४.० आवृत्तीखाली. तोटा असा की एनसी अट असलेल्या साहित्याशी याचे मिश्रण करून नवी कृती प्रसिद्ध करता येत नाही, आणि काही निर्माते ‘आमचाही माहितीपट मुक्त करावा लागेल’ म्हणून दूर राहतात.

‘सीसी झिरो’ वक्त्यांसाठी योग्य वाटत नाही. कॉपीराइट सोडण्याची वाट भारतीय कायद्यात आहे. कलम २१ प्रमाणे निबंधकांना कळवून, आणि २०१२ नंतर जाहीर सूचनेनेही, हक्क सोडता येतो. परंतु बहुतेक वक्त्यांना मिळणारा खरा मोबदला म्हणजे त्यांचे नाव. ते घेण्याची सक्तीच काढून टाकणे अन्याय्य आहे. कार्यक्रमपत्रिका, वक्त्यांची सूची, व्हिडिओतल्या विषयांची वेळवार अनुक्रमणिका यांना मात्र सीसी झिरो उत्तम. ‘कॉमन व्हॉइस’ या प्रकल्पात लोकांनी दिलेले मराठी आवाज सीसी झिरोखाली आहेत, पण तिथे नेमून दिलेली वाक्ये वाचायची असतात. स्वतःचा विचार मांडणे ही वेगळी गोष्ट.

ग्नू मुक्त दस्तऐवज परवाना विकिपीडियाने २००९ पर्यंत प्रमुख म्हणून वापरला. तो सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी लिहिलेला आहे आणि त्यात परवान्याचा पूर्ण मजकूर सोबत जोडावा लागतो. चित्रफितीला तो गैरसोयीचा. सॉफ्टवेअरचे परवाने व्हिडिओला लावू नयेत. आणि स्वतः रचलेले ‘सर्वांना वापरण्यास खुले’ असे वाक्य तर मुळीच पुरेसे नाही : बदलाची परवानगी आहे का, विक्रीची आहे का, किती काळ, हे त्यातून कळत नाही.

इतरांनी काय निवडले

टेड व्याख्याने एनसी आणि एनडी या दोन्ही अटींखाली आहेत, तरी ती अनेक भाषांत पोहोचली. कारण टेडने २००९ पासून स्वयंसेवी भाषांतरकारांची स्वतःची व्यवस्था उभारली; भाषांतर त्यांच्या देखरेखीखाली होते. ज्याच्याकडे असे मोठे यंत्र आहे त्याला बंद परवाना परवडतो. आपल्या तालुक्याच्या संमेलनाकडे भाषांतर विभाग नाही, संकलन विभाग नाही. ते काम अनोळखी उत्साही माणसेच करणार, आणि त्यांना आधीच परवानगी देऊन ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले वर्ग खुले करताना श्रेय, अव्यावसायिक आणि समान परवाना अशी जुळणी घेतली.

सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदा अधिक मोकळ्या आहेत. ब्रसेल्सची ‘फॉसडेम’ साधा श्रेय परवाना वापरते. वक्ता प्रस्ताव पाठवतो तेव्हाच चित्रीकरण व परवाना यांना संमती देतो. बातम्यांच्या धंद्यातल्या अल जझीराने जानेवारी २००९ मध्ये गाझातील युद्धाची आपली चित्रे श्रेय परवान्याखाली खुली केली. प्रतिस्पर्धी वाहिन्यांना ती वापरता आली आणि प्रत्येक वापराबरोबर अल जझीराचे नाव गेले.

आपल्याकडची उदाहरणे बघता एक कल स्पष्ट दिसतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा भारतीय प्रकल्प जानेवारी २००७ मध्ये पवईच्या आयआयटीत सुरू झाला. त्याच आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प मराठीसह अनेक भारतीय भाषांत सॉफ्टवेअरचे धडे देतो, ते श्रेय–समान परवान्याखाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सहभागाने २०१३ मध्ये उभे राहिलेले मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडारही त्याच परवान्यावर. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोकणी विश्वकोशाचे खंड श्रेय–समान परवान्याखाली मोकळे केले. नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात भारतातली पहिली विकिकॉन्फरन्स भरली, त्या चळवळीचा पायाही हाच परवाना. ज्यांना भाषेभाषेत साहित्य न्यायचे आहे, त्यांनी समान परवान्याची अट ठेवली आहे.

चित्रफितीत शिरलेली इतरांची मालमत्ता

परवाना फक्त आपल्या मालकीच्या गोष्टींना देता येतो. मराठी कार्यक्रमाच्या चित्रीकरणात इतरांच्या गोष्टी सहज शिरतात.

पहिली म्हणजे गाणी. कार्यक्रमाची सुरुवात ‘जय जय महाराष्ट्र माझा’ने होते. २०२३ मध्ये ते राज्यगीत झाले, पण राज्यगीत झाल्याने कॉपीराइट संपत नाही. कवी राजा बढे १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. संगीतकार श्रीनिवास खळे २०११ पर्यंत होते, त्यांच्या चालीवरचा हक्क त्याहून पुढे. सुरेश भटांच्या ‘लाभले आम्हास भाग्य’वरचा हक्क २०६३ संपेपर्यंत. ज्ञानेश्वरांचे पसायदान सर्वांचे आहे, पण ध्वनिक्षेपकावर एखाद्या गायिकेची ध्वनिमुद्रिका लावली तर त्या मुद्रणाचा हक्क कंपनीचा. विनामूल्य कार्यक्रमात हौशी मंडळींनी गाणे सादर करायला कायद्यात सवलत आहे. ते चित्रित करून जगाला मुक्त परवान्याने द्यायला नाही. यावर उपाय सोपा : स्वागतगीत मूळ फाइलमध्ये राहू द्या, मुक्त आवृत्ती पहिल्या वक्त्यापासून सुरू करा. पसायदान गावातल्या मुलींनी स्वतः म्हटले आणि त्यांच्या पालकांनी लेखी संमती दिली, तर तेही ठेवता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लाइड. इंटरनेटवरून उचललेली छायाचित्रे, नकाशे, वर्तमानपत्रांची कात्रणे पडद्यावर येतात. वक्त्याला आधी सांगावे : स्वतःची चित्रे वापरा, किंवा विकिमीडिया कॉमन्सवरची नाव देऊन वापरा. तरीही दुसऱ्याचे चित्र आलेच तर व्हिडिओच्या वर्णनात ‘अमुक चित्र वगळून’ असे लिहावे.

तिसरी गोष्ट कविता. कविसंमेलनातला कवी स्वतःची कविता वाचतो, पण संग्रहाचे हक्क त्याने प्रकाशकाला किंवा ध्वनिमुद्रण कंपनीला दिले असतील तर मुक्त परवाना देणे त्याच्या हाती नसते. शिवाय व्याख्यान आणि कविता यांत फरक आहे. कविता म्हणजे कवीची पूर्ण कृती. ती बदलू देण्याची सक्ती कुणी करू नये. कविसंमेलनासाठी प्रत्येक कवीला स्वतंत्रपणे विचारावे, आणि नकार आला तर तेवढा भाग नेहमीच्या कॉपीराइटखाली ठेवावा.

मोरव्यासारख्या गावाच्या बाबतीत चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. समजा, तिथे आगरी बोलीवर एक दिवसाचे संमेलन भरले आणि धवलारणीने लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणजे धवले, गायली. शब्द परंपरेचे आहेत, कुणा एकाचे नाहीत. पण गाणारीचा सादरकर्ता म्हणून हक्क पूर्ण आहे. श्रेय परवाना दिला तर उद्या तिचा आवाज हळदीच्या डीजेवर कापून-जोडून वाजू शकतो, आणि परवान्याच्या दृष्टीने ते बहुधा योग्यही ठरेल. तिला हे तिच्या भाषेत, उदाहरणासकट सांगितल्याशिवाय अंगठा किंवा सही घेणे म्हणजे फसवणूक. तिने ‘अभ्यासाला द्या, नाचाला नको’ म्हटले तर त्या भागापुरता अव्यावसायिक परवाना किंवा परवानाच न देणे योग्य. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून नमुने लोकांसमोर ठेवले आहेत. गावागावांनी त्यात भर घालावी असे वाटत असेल, तर आधी बोलणाऱ्यांचा विश्वास जपला पाहिजे.

शेवटी श्रोते. प्रश्न विचारणारा माणूस वक्ता नसला तरी त्याचा चेहरा आणि आवाज नोंदला जातो. कॉपीराइट परवाना खासगीपणाचा प्रश्न सोडवत नाही. सभागृहाच्या दारावर चित्रीकरण व परवान्याची मराठी पाटी, चित्रीकरण नको असणाऱ्यांसाठी बाजूची रांग आणि चिठ्ठीवर प्रश्न पाठवण्याची सोय पुरेशी असते. लहान मुले असतील तर पालकांची संमती हवीच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो.

ठेवायचे कुठे

यूट्यूबवर काही निवडले नाही तर त्यांचा नेहमीचा परवाना लागू होतो. २०११ पासून तिथे क्रिएटिव्ह कॉमन्सचा पर्याय आहे, पण तो फक्त साध्या श्रेय परवान्याचा. समान परवाना हवा असेल तर यादीत नेहमीचाच परवाना ठेवून वर्णनात आणि व्हिडिओच्या पहिल्या चौकटीत श्रेय–समान परवाना ४.० स्पष्ट लिहावा. कायद्याचे कलम ५२-अ प्रकाशित चित्रफितीवर निर्मात्याचे आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता दाखवायला सांगते. तीच चौकट परवान्यासाठीही वापरावी.

यूट्यूबला एकमेव घर मानू नये. चॅनेलचा पासवर्ड बदललेल्या पदाधिकाऱ्याबरोबर जातो, तक्रार आली की खाते बंद होते. इंटरनेट आर्काइव्ह एमपी-४ फाइल घेते आणि मूळ प्रत उतरवून घेऊ देते. विकिमीडिया कॉमन्सला वेबएम हे रूप लागते. रूपांतराची मोफत साधने आहेत, आणि ४.० परवान्यात असे तांत्रिक रूपांतर बदल मानले जात नाही. कॉमन्सवर परवाना एकदा तपासून नोंदला गेला की पुढे मूळ ठिकाणचा व्हिडिओ उडाला तरी प्रत टिकते. संस्थेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर संपादन न केलेली प्रत, आणि त्याच फोल्डरमध्ये सर्व संमतीपत्रांचे फोटो, हे चौथे घर.

यंत्रे आणि आवाज

आता प्रत्येक वक्ता विचारतो : माझ्या भाषणावर एआयला शिकवतील का? मोकळ्या परवान्याखाली ते शक्य आहे. कायद्यानेच परवानगी लागत नाही असे ठरले तर बंद परवानाही ते रोखणार नाही. भारतात हा वाद एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेला. आवाजाची नक्कल हा वेगळा प्रश्न आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आपल्या व्यक्तिमत्त्वावरचा हक्क इतरांना देऊन टाकत नाही, तेव्हा भाषण मुक्त केले म्हणून आवाज विकला असे होत नाही. दुसरी बाजूही वक्त्यांपुढे ठेवावी. इंग्रजीचे बोल यंत्रांना भरपूर मिळतात. आगरी, मालवणी, अहिराणी यांचे मिळत नाहीत. आपली बोली ओळखणारे उपशीर्षक-यंत्र हवे असेल तर आपल्या बोलीतली मोकळी भाषणे कुठेतरी असावी लागतील.

माझी निवड

मराठी संमेलने, परिषदा आणि व्याख्यानमालांसाठी नेहमीचा परवाना म्हणून श्रेय–समान परवाना, आवृत्ती ४.०, घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो भाषांतराला वाट देतो, विकिपीडियाला चालतो, वृत्तपत्रांना अडवत नाही, आणि समाजाने दिलेल्या शब्दांपासून बनलेले नवे काम पुन्हा समाजाकडे आणतो. आपल्या शिक्षणसंस्थांनी तोच स्वीकारला आहे, त्यामुळे एकमेकांचे साहित्य जोडणेही सोपे. तांत्रिक परिषदांना जगभरच्या परिषदांशी जुळवून घ्यायचे असेल तर साधा श्रेय परवाना चालेल. कविता, लोकगीते, नाट्यप्रवेश यांना कोणताही परवाना गृहीत धरू नये. तिथे माणसागणिक विचारावे.

दुसरे मत वेळेबद्दल आहे. परवाना कार्यक्रमानंतर संपादनाच्या टेबलावर ठरवायचा नसतो. एकदा दिलेला मुक्त परवाना मागे घेता येत नाही, म्हणून वक्त्याला विचार करायला वेळ मिळाला पाहिजे. तो निमंत्रणपत्राबरोबर जावा, पुढील अर्थाच्या चार वाक्यांत :

‘माझ्या भाषणाचे चित्रीकरण करून ते प्रसिद्ध करण्यास मी संमती देत आहे. माझे भाषण व सादरीकरण क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेय–समान परवाना ४.० खाली, जगभरासाठी आणि हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, सर्वांना उपलब्ध करण्यास मी मान्यता देत आहे. या परवान्यात भाषांतर, संपादन आणि व्यावसायिक वापर येतो, आणि तो मागे घेता येत नाही, हे मला समजावून सांगितले आहे. पुढील भाग यातून वगळावा : ______’

शेवटची मोकळी जागा महत्त्वाची. नकार देण्याची जागा कागदावरच असेल तर होकाराला किंमत येते. ज्याला हा परवाना नको त्याचे भाषण नेहमीप्रमाणे दाखवावे. त्याला व्यासपीठ नाकारू नये.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि १८७८ मध्ये ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरवले, तेव्हा बोललेला शब्द सभागृहाबाहेर न्यायला वार्ताहराची लेखणी हेच साधन होते. आज साधनांची वाण नाही, लेखी परवानगीची आहे. साताऱ्याच्या ९९व्या नंतर शंभरावे साहित्य संमेलन येत आहे. त्याच्या प्रत्येक निमंत्रणपत्रासोबत असा कागद गेला, तर मराठीतल्या शेकडो छोट्या संमेलनांना नमुना मिळेल. आणि मोरव्याच्या एखाद्या मंडळाला त्यासाठी शंभराव्याची वाट पाहायचेही कारण नाही. एक पान छापायचे, वक्त्यांना आठवडाभर आधी द्यायचे, आणि ज्यांनी होकार दिला त्यांची भाषणे त्याच महिन्यात मोकळी करायची. एवढे काम आजच्या मंडळांच्या आवाक्यातले आहे.